जुन्या वर्तमानपत्रांत 'बोट लागली' याचा नेमका अर्थ काय?

तुम्ही विचारलंय की पणजोबांच्या ट्रंकेतल्या कात्रणात एके ठिकाणी 'वेंगुर्ल्यास बोट लागली' आणि चार ओळी खाली 'बहुतेक मंडळींस बोट लागली' असं छापलंय, तर यातलं एक चुकलंय का. चुकलेलं काहीच नाही.

पहिल्या वाक्यात बोट बंदरात आली. दुसऱ्यात माणसांना मळमळलं, उलट्या झाल्या. दोन्हीकडे 'स' आहे म्हणून घोटाळा होतो. त्या 'स'च्या आधी गाव आहे की माणूस, एवढं पाहायचं. आमच्या देवगडात जुनी माणसं अजून म्हणतात, "माका बोट लागता." आता तेच एसटीच्या घाटात 'गाडी लागते' झालंय. माझी आजी मुंबईला निघाली की कनवटीला आवळासुपारीची पुरचुंडी बांधायची आणि बोटीत चढल्या चढल्या, लिंबू नाकाशी धरून, डेकवरच्या पथारीवर आडवी व्हायची. विजयदुर्ग मागे पडेपर्यंत ती कोणाशी बोलत नसे.

बंदराला लागणं म्हणजे धक्क्याला टेकणं, असं मात्र समजू नका. आमच्याकडच्या बहुतेक बंदरांत बोट आत येतच नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, टपालाच्या थैल्या पडावातून, म्हणजे होडीतून, ने-आण व्हायच्या. समुद्र खवळलेला असला तर पडाव जाऊ शकत नसे आणि बोट उतारू न घेताच पुढे जायची. 'बोट लागली नाही' असं वाचलंत तर बोट बुडाली किंवा आलीच नाही, असा अर्थ लगेच काढू नका. ती समोरून निघून गेलेली असू शकते. किनाऱ्यावर बोचकी घेऊन बसलेल्या माणसांना ती दिसलेलीही असेल. मला हे वाक्य वाचताना दर वेळी तीच माणसं आठवतात.

'पहिल्या बोटीने' हाही असाच फसवा शब्द. त्याचा अर्थ सकाळची पहिली बोट असाच असेल असं नाही. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला की पुन्हा सुरू होई. त्या हंगामातली पहिली ती पहिली बोट. कात्रणावर तारीख नसली तरी एवढ्यावरून महिन्याचा अंदाज बांधता येतो.

आणखी एक. आज आपण ट्रॉलरलाही बोट म्हणतो. जुन्या बातमीतली बोट बहुतेक वेळा आगबोटच असते, म्हणजे वाफेवर चालणारी. आगगाडीतली 'आग' तीच इथली. शिडाच्या जहाजांना गलबत, मचवा, पडाव अशी आपापली नावं होती. 'बोटीवर आहे' म्हटलं की माणूस जहाजावर नोकरीला, हे आमच्याकडे आजही सांगावं लागत नाही.

हाताचं बोट राहिलं. ते नपुंसकलिंगी, म्हणून 'बोट लागलं', 'बोटाला'. जहाज स्त्रीलिंगी, म्हणून 'बोट लागली', 'बोटीला'. फाटलेल्या कात्रणात क्रियापद गेलं असेल तर प्रत्ययाआधी 'बोटा' आहे की 'बोटी' ते शोधा. तुमच्या कात्रणात 'मंडळींस'च्या मागे कुठल्या गावची मंडळी ते लिहिलं असेल, तर ती कोणत्या बंदरावर चढली तेही बहुधा कळेल.