सावकारी दाव्यातला जुना दाखला

प्रश्न : पणजोबांच्या १८८५च्या सावकारी दाव्याच्या कागदांत ‘कन्सिलिएटर’चा दाखला सापडला. तो कशासाठी? निकालाची नक्कल कशी मिळेल? (एक वाचक, शिरूर)

उत्तर : मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्या दंग्यांनंतर १८७९चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांसाठी आला. तोवर सावकार सर्रास एकतर्फी हुकूमनामे, म्हणजे कोर्टाचे निकाल मिळवत, कारण कर्जदार कुळं कोर्टात फिरकतच नसत. नव्या कायद्यानं न्यायाधीशाला व्यवहार मुळापासून तपासायला लावला, मुद्दल आणि व्याज वेगळं काढायला लावलं. कर्जापायी होणारी कैदही थांबवली. शेतकऱ्यावर दावा करण्याआधी कन्सिलिएटरपुढे, म्हणजे तडजोड घडवणाऱ्या मध्यस्थापुढे तडजोडीचा प्रयत्न करावा लागे. ती फसल्याचा दाखला जोडल्याशिवाय कोर्ट दावा घेत नसे. तुमचा कागद बहुधा तोच.

नकलेसाठी तालुका कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज द्या. तिथं नसेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विचारा. दावा क्रमांक, वर्ष, पक्षकारांची नावं आणि निकालाची तारीख लिहा. जुन्या कागदांवर बऱ्याचदा दरखास्तीचा, म्हणजे वसुलीचा क्रमांक असतो. लोक तोच दावा क्रमांक समजून देतात आणि शोध फसतो. मजकूर मोडीत असेल तर आधी जाणकाराकडून वाचून घ्या.