टच रग्बी : सहाव्या टचच्या आत

पॅसिफिक बेटांवरच्या देशांमधली पुरुषांची टच रग्बी बघून वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत. नियम आंतरराष्ट्रीय टच महासंघाचे आहेत. स्थानिक स्पर्धांत थोडाफार फरक असतो, तेव्हा आयोजकांचं नियमपत्रक आधी वाचा.

प्रश्न : पॅसिफिक गेम्समध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या खेळात दिसले नाहीत. तिथे तर रग्बी घरोघर खेळतात ना?

खेळतात, आणि टचमध्ये जगात तेच सगळ्यात तगडे आहेत. हा खेळ सुरू झाला तोच 1960च्या दशकात सिडनीत. पण पॅसिफिक गेम्स मुळात बेटांवरच्या देशांसाठी आणि प्रदेशांसाठी आहेत. 2015पासून या दोन शेजाऱ्यांना निवडक खेळांपुरतं बोलावलं जातं. पोर्ट मोर्सबी (2015), अपिया (2019) आणि होनियारा (2023) या तिन्ही ठिकाणी टच होता. पापुआ न्यू गिनी, सामोआ, फिजी, कुक बेटे अशा संघांचा कस एकमेकांशीच लागला तर सामने चुरशीचे होतात, हे आमचं मत.

प्रश्न : कोणी कोणाला पाडत नाही, मग संघ चेंडू गमावतो कसा?

टॅकल नाही, स्क्रम (दोन्ही संघांनी एकमेकांना भिडून रेटणं) नाही, चेंडूला लाथ मारणं नाही. एका बाजूला 6 खेळाडू, मैदान 70 मीटर लांब आणि 50 मीटर रुंद. चेंडू हातात असलेल्याला प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झाला की एक टच. अंगाला, कपड्यांना, केसांना, अगदी हातातल्या चेंडूला झालेला स्पर्शही धरतात. सहावा टच झाला की ताबा समोरच्याकडे. त्याआधीही तो जाऊ शकतो. चेंडू जमिनीवर पडला, खेळाडू बाजूच्या रेषेबाहेर गेला किंवा हाफच्या (टचनंतर मागे सोडलेला चेंडू उचलणाऱ्या खेळाडूच्या) हातात चेंडू असताना त्याला टच झाला की ताबा गेला. पुढच्या दिशेने पास दिला किंवा टच झाल्यानंतर चेंडू सोडला तर पेनल्टी. समोरच्या गोलरेषेवर किंवा तिच्या पलीकडे चेंडू टेकवला की टचडाऊन, त्याचा 1 गुण. त्यानंतर मध्यरेषेवरून टॅप (चेंडूला पायाने हलका स्पर्श करून खेळ सुरू करणं) कोण घेतो? ज्याच्यावर गुण झाला तो संघ. म्हणून आघाडी घेतली तरी चेंडू लगेच समोरच्याकडे जातो, आणि 5-1 असा स्कोअरही सुरक्षित मानत नाहीत.

प्रश्न : आमचा संघ धावतो चांगला, पण सहा टच मध्यातच संपतात. चुकतं कुठे?

बहुतेक वेळा रोलबॉलमध्ये, म्हणजे टचनंतर चेंडू मागे सोडण्यात. टच झाल्यावर जिथे टच झाला तिथेच, समोरच्या गोलरेषेकडे तोंड करून, चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि दोन पायांमधून मागे सोडायचा. तो मागे 1 मीटरपेक्षा जास्त जाता कामा नये. मागून येणारा हाफ तो उचलतो.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, वेगात असलेला खेळाडू टचच्या जागेपुढे एक-दोन पावलं जातो आणि तिथूनच चेंडू सोडतो. ही पेनल्टी आहे. उपाय असा, की बचावपटू हाताच्या अंतरावर आला की शेवटची दोन पावलं आखूड करायची, कंबर खाली घ्यायची आणि चेंडू आधीच गुडघ्याच्या उंचीवर आणायचा. टच लागताच तो जमिनीवर टेकतो आणि पाय वरून पुढे जातो. थांबून, वळून, मग वाकलात तर दोन सेकंद गेले. दुसरी चूक हाफ उशिरा पोहोचण्याची. तो चेंडूवाल्याच्या मागे 2-3 मीटरवर, धावतच असला पाहिजे.

या दोन सेकंदांना एवढी किंमत का? टच झाला की बचाव करणाऱ्या संघाला टचच्या जागेपासून 7 मीटर मागे जावं लागतं. रोलबॉल चटकन झाला तर बचावपटू अजून पाठमोरेच असतात. त्या क्षणी हाफने चेंडू उचलून धाव घेतली तर समोरचे बचावपटू पुढे यायच्या स्थितीत नसतात. म्हणून मिडलचे (मैदानाच्या मधोमध खेळणारे) खेळाडू पहिल्या तीन टचमध्ये सरळ बचावपटूवर चाल करून स्वतःच टच करून घेतात. स्पर्श कोणीही केला तरी तो टचच. मध्यरेषेपासून गोलरेषा 35 मीटर दूर. प्रत्येक टचला 9-10 मीटर मिळाले तर चौथ्या टचला तुम्ही रेषेजवळ असता आणि विंगकडे (कडेच्या खेळाडूकडे) चेंडू फिरवायला दोन टच उरतात. 4 मीटरच मिळाले तर सहाव्याला रेषा अजून लांबच.

प्रश्न : रेषेजवळ हाफला मोकळी जागा दिसते, तो घुसतो आणि चेंडू जातो. घुसू नये का?

नये. हाफला टचडाऊन करताच येत नाही. त्याने चेंडू टेकवला तरी ताबा समोरच्याला जातो. शेवटच्या 7 मीटरमध्ये हाफने एक पाऊल टाकून बचावपटूला ओढायचं आणि लिंकला (मिडल आणि विंगच्या मधल्या खेळाडूला) पास द्यायचा, बस्स. जागा फारच मोकळी असेल तर त्याने ती धावून दाखवावी, पण पास हातातून सुटण्याआधी स्पर्श होणार नाही याची खात्री असेल तरच. बचाव करणाऱ्यांनाही रेषेवर उभं राहून वाट बघता येत नाही. हाफने चेंडूला हात लावला की त्यांना पुढे सरकावंच लागतं. पुढे सरकणाऱ्या बचावपटूच्या खांद्यामागे धावणारा लिंक हा बहुतेक टचडाऊनचा मालक असतो.

प्रश्न : 14 खेळाडूंचा संघ, मैदानात 6. बाकीचे आठ काय करतात?

सामना तेच जिंकून देतात. बदलीला मर्यादा नाही. बाजूच्या रेषेलगत बदलीसाठी 20 मीटरची पट्टी असते. आतला खेळाडू बाहेर पडल्याशिवाय नवा आत येऊ शकत नाही. समोरच्याने पास अडवून पळवला किंवा बचावाची फळी फोडली तर पुढचा टच होईपर्यंत बदली बंद. मिडल सगळ्यात जास्त पळतात, म्हणून त्यांच्या जोड्या आलटून पालटून आत-बाहेर करतात. दमलेला मिडल 7 मीटर वेळेत मागे जात नाही, आणि पेनल्टी तिथेच लागते. विंगला कमी वेळा बदललं तरी चालतं.

प्रश्न : आठ संघांची साखळी घ्यायची आहे. किती सामने, किती पंच, किती दिवस?

प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळला तर 28 सामने. सामना 20-20 मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये 5 मिनिटं. म्हणजे 45 मिनिटं, पण वेळापत्रकात पूर्ण तास धरा. एका सामन्याला तीन पंच लागतात. मधला आणि बाजूचे दोघे खेळ चालू असताना जागा बदलतात. सलग दोन सामने एकाच तुकडीला देऊ नका, म्हणजे एका मैदानाला किमान सहा पंच. एका मैदानावर दिवसाला 8 सामने घेतले तर साडेतीन दिवस, आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला रोज जास्तीत जास्त दोन. रग्बीच्या मैदानात दोन टचची मैदानं आडवी आखता येतात, पण टचडाऊनची जागा आणि बदलीची पट्टी बाहेर जाते. भोवती मोकळी जागा आहे ना, ते टेपने मोजून घ्या. बूट तपासायला विसरू नका. स्क्रूने बसणारे स्टड चालत नाहीत, आणि नखं कापलेली हवीत.

प्रश्न : बाद फेरीत बरोबरी झाली तर?

दोन्ही संघ चार-चार खेळाडूंवर येतात. सामन्याच्या सुरुवातीला ज्यांच्याकडे चेंडू नव्हता ते मध्यरेषेवरून टॅप घेतात. दोन मिनिटं संपल्यावर कोणी पुढे असेल तर तो जिंकला. नसेल तर पुढच्या टचला खेळ थांबतो, दोघेही एकेक खेळाडू कमी करतात आणि पहिला टचडाऊन होईपर्यंत खेळ चालतो. 50 मीटर रुंदीत तीन माणसं फार काही झाकू शकत नाहीत. कोणते चार ठेवायचे हे आधीच ठरवा. तिथे उंची-ताकदीपेक्षा चाळीस मिनिटांनंतरही मागे पळू शकणारा माणूस हवा.