माझ्या मुलाला तो आगलाव्याच का आवडतो?

सुपरहिरोंच्या मालिका बघणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा प्रश्न बहुतेकदा ठरलेला असतो. पडद्यावर इतकी चांगली, शूर, हुशार माणसं असताना आमच्या मुलाला नेमका मारकुटाच का आवडतो? आणि तो तसाच झाला तर? या प्रश्नाचं उत्तर मी एका अनुभवातून देते. मुलाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या संमतीने लिहीत आहे, नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

ओंकार सोळा वर्षांचा, नाशिकचा, अकरावी सायन्सला. अंगाने दणकट. वर्गात एका मुलाचा फोन आपटून फोडल्यावर कॉलेजने पालकांना बोलावून घेतलं होतं आणि त्यानंतर आई त्याला घेऊन माझ्याकडे आल्या. भांडणाबद्दल थोडंच बोलून त्या मालिकेवर आल्या. रात्री एक-दीडपर्यंत ‘डीसीज लेजंड्स ऑफ टुमॉरो’ चालू असते. फोनच्या स्क्रीनवर आणि कपाटाच्या दारावर एकाच माणसाचा फोटो आहे, टकलू, जाडजूड, हातात आग ओकणारी बंदूक. त्यांनी नाव शोधून काढलं होतं, मिक रोरी. ‘मॅडम, हा माणूस दरोडेखोर आहे. याने लहानपणी स्वतःचं घर जाळलंय, घरच्यांसकट. हे काय आदर्श आहेत का?’

ताईंची भीती निराधार नव्हती. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठं माणूस फुगवलेल्या बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी संधी मिळताच बाहुलीला तसंच बडवलं. मुलं बघून शिकतात, हे खरंच आहे. पण ती मुलं साधारण तीन ते सहा वर्षांची होती. सोळा वर्षांचा मुलगा एखादं पात्र निवडतो तेव्हा त्याने त्या पात्रातलं काय उचललं, हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. कुणी विचारत नाही. फोटो काढून टाकायला सांगतात.

मी ओंकारला विचारलं, ‘यातला कोणता भाग तू सगळ्यात जास्त वेळा पाहिलास?’ या वयाच्या मुलांना ‘तुला तो का आवडतो’ असं विचारलं की खांदे उडवणं हेच उत्तर येतं. भागाचं नाव मात्र ती लगेच सांगतात. ओंकारने सांगितलं आणि मग थांबेचना.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडी कथा सांगते. ही अमेरिकेतल्या ‘द सीडब्ल्यू’ वाहिनीवरची मालिका, २०१६ ते २०२२, सात सीझन. रिप हंटर नावाचा कालप्रवासी काही जणांना गोळा करून वेव्हरायडर नावाच्या जहाजावर घेतो. गंमत अशी की त्यांना तो थोर म्हणून निवडत नाही. यांच्या असण्या-नसण्याने इतिहासाला फरक पडत नाही म्हणून निवडतो. त्या ओवाळून टाकलेल्या मंडळींमध्येही मिक सगळ्यात खालच्या पायरीवर. त्याचा जोडीदार लेनर्ड स्नार्ट थंड डोक्याचा, हुशार, बेत आखणारा. मिक म्हणजे ताकद. दोघांची ओळख बालसुधारगृहातली, तिथे इतर मुलं छोट्या स्नार्टच्या अंगावर आली तेव्हा मिक मध्ये उभा राहिला होता. पहिल्या सीझनमध्ये एका प्रसंगी रिप त्याला तोंडावर सुनावतो की स्नार्ट हवा होता म्हणून तुला घ्यावं लागलं, एरवी तुझा काही उपयोग नव्हता. त्यानंतर मिक गटाशी दगाबाजी करतो. प्रेक्षकाला तो राक्षस वाटतो. त्याच्या आधीचं ते वाक्य मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहतं.

ओंकारच्या लक्षात होतं. ‘मॅम, सगळे म्हणतात मिकने धोका दिला. पण आधी त्याला काय बोलले ते बघा ना.’

इथे मी थांबले आणि त्याच्या घरात दोघांची जोडी कुणाची, हे विचारलं.

चुलतभाऊ. दोन वर्षांनी मोठा, एकाच वाड्यात वाढलेला, सगळे त्याला दादाच म्हणत. दादा अभ्यासात पुढे, बोलण्यात पुढे. ओंकार त्याच्या मागे, आणि मारामारीची वेळ आली तर त्याच्या पुढे. वर्षभरापूर्वी महामार्गावर बाइकच्या अपघातात दादा गेला. ताई हे पहिल्या भेटीत बोलल्या नव्हत्या असं नाही, पण ‘घरात एक वाईट घटना झाली, काका-काकू अजून सावरले नाहीत’ एवढंच बोलल्या होत्या. त्या वाक्यात ओंकार कुठेच नव्हता.

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाबद्दल लिहिलं आहे ज्याला आजूबाजूचे लोक शोक मानतच नाहीत. मित्र, चुलतभावंडं, शेजारी यांच्या वाट्याला तो फार येतो. आपल्याकडे आई-वडिलांचं दुःख मोठं, आणि ते तसं असतंच. पण मग बाकीच्यांना सांगितलं जातं, ‘तू खंबीर राहा, काकूसमोर रडू नकोस.’ ओंकार खंबीर राहिला. दहाव्या-तेराव्याला पाण्याच्या कॅन त्यानेच वाहिल्या, खुर्च्या त्यानेच लावल्या. त्याला कुणी जवळ घेतलं नाही, कारण तो धडधाकट दिसत होता. या वयातलं दुःख पुष्कळदा रागाच्या रूपाने बाहेर येतं, हे शाळा-कॉलेजातल्या प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं. वर्गात ज्याचा फोन फुटला त्या मुलाने काय म्हटलं होतं? ‘तुझा भाऊ असता तर तुला गणित सांगितलं असतं.’

मी पहिला सीझन पाहिला, पुढचे ओंकारने सुचवलेले भाग पाहिले. मुलाच्या जगात पाय ठेवायचा तर एवढा वेळ द्यावाच लागतो. पहिल्या सीझनच्या शेवटाकडे एक यंत्र उडवून देण्यासाठी कुणीतरी मागे थांबून मरायची वेळ येते. रे पामर हा शास्त्रज्ञ थांबलेला असतो. मिक त्याला बेशुद्ध करून त्याच्या जागी उभा राहतो. मग स्नार्ट येतो, मिकला बेशुद्ध करतो आणि स्वतः मरतो. चर्चा होते ती स्नार्टच्या बलिदानाची. मिक त्याच्या आधी मरायला तयार झाला होता, हे सहज विसरलं जातं. ओंकार मला म्हणाला, ‘आणि नंतर त्याला जिवंत राहावं लागतं.’ त्या दिवशी आम्ही पुढे मालिकेबद्दल बोललो नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये मिकला मेलेला स्नार्ट दिसायला लागतो. त्याला वाटतं, शत्रूने आपल्या डोक्यात काहीतरी यंत्र बसवलंय. तो गटातल्याच प्राध्यापक स्टाइनना डोकं तपासायला सांगतो. यंत्र वगैरे काही सापडत नाही. ओंकारला संध्याकाळी दादाच्या बाइकचा हॉर्न फाटकापाशी ऐकू यायचा. आपल्याला वेड लागतंय अशी भीती बाळगून त्याने हे महिनोन्‌महिने कुणाला सांगितलं नव्हतं. गेलेलं माणूस क्षणभर दिसणं, हाक किंवा पाऊल ऐकू येणं, हे शोकात अनेकांना होतं आणि हळूहळू कमी होतं. ते आवाज काही करायला सांगत असतील, झोप पूर्ण उडाली असेल, माणूस जिवंत आहे असं खरोखर वाटू लागलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं. ओंकारचं तसं नव्हतं. ‘हे बऱ्याच लोकांना होतं’ एवढं ऐकून त्याचे खांदे सैल पडले, ते मला समोर दिसलं.

पण या सगळ्या कामाची किल्ली दुसऱ्याच प्रसंगात होती. रे पामरचा, त्याला शक्ती देणारा सूट जपानमधल्या एका मोहिमेत नष्ट होतो आणि तो हतबल होतो. तेव्हा मिक त्याला स्नार्टची बर्फाची बंदूक देतो. मित्राची शेवटची वस्तू, आणि ती तो दुसऱ्याच्या हातात ठेवतो, आता तू माझा जोडीदार हो म्हणून. मी हा प्रसंग ओंकारपुढे काढला. त्याने मिकच्या मोठ्या मनाबद्दल बोलावं अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, ‘पण रेला ती जमत नाही ना मॅम. तो स्नार्टसारखा नाहीच. त्याला बंदूक दिली, बिचारा नाही कसं म्हणणार?’

त्या प्रसंगात ओंकार मिक नव्हता, रे होता.

मग एकेक बाहेर आलं. दादा जेईईची तयारी ज्या क्लासमध्ये करायचा, तिथेच ओंकारचं नाव घातलं होतं. दादाचं टेबल त्याच्या खोलीत आणलं होतं, दादाच्या नोट्स बाइंड करून दिल्या होत्या. हे सगळं प्रेमाने केलं होतं, काकूंनी तर डोळ्यांत पाणी आणून. ‘आता तूच आमचा’ असं त्या म्हणाल्या होत्या. ओंकारला सायन्सही फारसं नको होतं, जेईई तर नाहीच. पण मुलगा गमावलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? एखाद्याची रिकामी जागा दुसऱ्या मुलाने भरायची, हा भार मी कितीतरी घरांत पाहिला आहे. बोलून दाखवायची सोयच नसल्याने तो आतल्या आत कुजतो.

घरच्यांना काय सांगायचं आणि काय नाही, हे मी ओंकारला विचारून ठरवलं. हॉर्नची गोष्ट त्याला सांगायची नव्हती. मी सांगितली नाही. नंतर त्यानेच आईला सांगितली आणि ती या लेखात घ्यायलाही तोच म्हणाला. एकत्र भेटीला आई, बाबा आणि काकू आल्या. बाबा क्लासच्या फीवरून चिडले, आणि भरलेली रक्कम पाहता त्यात गैर काही नव्हतं. बोलल्या त्या काकू. ‘अरे, मला वाटलं तुलाच हवंय. तू एकदाही नको म्हणाला नाहीस.’ मग त्या दादाबद्दल बोलू लागल्या आणि वर्षात पहिल्यांदा ओंकार काकूसमोर रडला. मी कुणाला थांबवलं नाही.

क्लास सुटला. फी परत मिळाली नाही. अकरावीचं वर्ष सायन्समध्येच पूर्ण करायचं आणि बारावीआधी पुन्हा बसून बोलायचं, असं ठरलं.

मिकच्या वाढीकडे मी समुपदेशक म्हणून कौतुकाने पाहते, त्याचं कारण सांगते. चर्चा नेहमी गटातल्या सारा लान्सच्या नेतृत्वाची किंवा कॉन्स्टंटाइनच्या जादूची होते. मिक हसायला आणि ठोसे मारायला ठेवलाय असंच वाटतं. पण तो सात-आठ वाक्यांत सुधारून सज्जन होत नाही. दुसऱ्या सीझनच्या शेवटाला तो पुन्हा शत्रूंच्या बाजूला जातो, कारण त्या बाजूला आधीच्या काळातून आणलेला स्नार्ट असतो. मग परत येतो. त्याचं पिणं, गुरगुरणं सुटत नाही. आणि याच सगळ्यात, कुणाला न सांगता, तो टाइपरायटरवर कादंबरी लिहायला लागतो. तिसऱ्या सीझनमध्ये एकच दिवस पुन्हा पुन्हा जगावा लागणाऱ्या झारी या गटातल्या मुलीला ते कळतं आणि ती ते वाचून मत देते. पुढे तो रिबेका सिल्व्हर या नावाने प्रेमकथा लिहिणारा यशस्वी लेखक होतो. स्नार्टची जागा कुणी घ्यावी हा हट्ट सुटल्यावर त्याला स्वतःचं काहीतरी सापडतं. नंतर लिटा ही मुलगी आयुष्यात येते, वर्षानुवर्षं बाप नव्हता म्हणून रागावलेली, आणि हा आडदांड माणूस अवघडत बाप व्हायला शिकतो. डॉमिनिक परसेल या नटाने हे सगळं फार कमी शब्दांत केलं आहे. राग काढून टाकून झालेला बदल मला खोटा वाटतो. हा तसा नाही.

पावसाळ्यात ओंकारचं पुन्हा एक भांडण झालं. आई घाबरून फोनवर म्हणाल्या, ‘सगळं पाण्यात गेलं.’ तसं नव्हतं. या वेळी त्याने काही फोडलं नव्हतं आणि घरी येऊन स्वतः सांगितलं होतं. मला तो म्हणाला, ‘दुसऱ्या सीझनच्या शेवटी तो पण गेलाच होता की.’ एकदा घसरलं म्हणून आधीची सगळी वाट पुसली जात नाही, हे त्याला त्या मालिकेनेच शिकवलं होतं.

आता पालकांच्या मूळ भीतीबद्दल स्पष्ट बोलते. मूल खरोखर आग लावत असेल, मुक्या जनावरांना इजा करत असेल, स्वतःला जखमा करत असेल, मरणाबद्दल बोलत असेल, किंवा खाणं, झोप आणि मित्र तिन्ही सुटले असतील, तर मालिकेची चर्चा बाजूला ठेवून लगेच मदत घ्या. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. यातलं काही नसेल तर एक भाग मुलाशेजारी बसून बघा. मध्ये मध्ये टीका करू नका. रात्री दीडपर्यंत बघण्याला नाही म्हणा, त्या पात्राला नको.

ओंकारच्या आई आता कधीमधी त्याच्याबरोबर बघतात. मिकची बिअर त्यांना खपत नाही आणि त्या ते बोलून दाखवतात. त्यांना रे आवडतो. ओंकार म्हणतो, सगळ्यांना रेच आवडतो. बारावीचं अजून ठरलेलं नाही. बाबा सध्या मेकॅनिकल डिप्लोमाची माहिती काढत आहेत, आणि या वेळी आधी त्याला विचारून.