'मेपल सिरप युरिन डिसीज' या नावाचा अर्थ काय? मेपलचं सिरप खाऊन हा आजार होतो का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. ज्या घरात मेपलचं नावही कुणी ऐकलेलं नाही, तिथल्या बाळालाही हा आजार होऊ शकतो. नावातल्या चार शब्दांपैकी 'युरिन' आणि 'डिसीज' एवढेच खरे, पहिले दोन म्हणजे नुसता वास.

मी दवाखान्यांची माहितीपत्रकं मराठीत करून देते. दोनेक वर्षांपूर्वी नवजात बाळांच्या तपासण्यांचं एक पत्रक आलं, सोबत मशीनकडून करून घेतलेला कच्चा मराठी मजकूर. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'मेपल सरबत मूत्र रोग'. आधी हसू आलं. मग लक्षात आलं की मशीन वाटलं तितकं चुकलेलं नाही. सिरप आणि सरबत ही सख्खी भावंडंच. अरबीत श-र-ब म्हणजे पिणे. त्यातून शराब, शरबत (मराठीत आल्यावर सरबत), आणि लॅटिन-फ्रेंच वळसा घालून सिरप. एकाच धातूचे तीन वंशज, एक गुत्त्यात, एक पाहुण्यांच्या ट्रेमध्ये आणि एक औषधाच्या दुकानात! आपल्याकडे सिरप म्हटलं की बाटलीच्या टोपणाने मोजून घ्यायचं खोकल्याचं औषध आठवतं, म्हणून बहुतेक हे नाव वाचून माणूस गोंधळतो. मेपलचं सिरप हे औषध नव्हे. त्याला सगळ्यात जवळचा मराठी शब्द काकवी.

खरोखर काकवीच. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात, मुख्यतः क्वेबेकमध्ये, हिवाळा सरताना रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असे काही आठवडे मिळतात. त्या दिवसांत मेपलच्या झाडाला भोक पाडून पाण्यासारखा पातळ रस गोळा करतात. त्यात साखर जेमतेम दोन टक्के, म्हणून आटवायचं तरी किती? साधारण 40 लिटर रसाचं एक लिटर सिरप. आपल्या गुऱ्हाळवाल्याने ऐकलं तर कपाळाला हात लावेल. तिथल्या मूळ रहिवाशांना ही विद्या गोरे लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून येत होती.

'मेपल' हा जुना इंग्रजी शब्द, अर्थ एवढाच की ते झाड. शास्त्रीय नाव जास्त गमतीचं आहे: एसर सॅकॅरम. यातलं सॅकॅरम म्हणजे आपली शर्कराच, ग्रीक-लॅटिनमधून फिरून त्या झाडाला चिकटलेली. शिवाय हे झाड रिठा आणि लिचीच्या कुळातलं. (काश्मीरच्या सहलीहून लाल पानं आणून 'मेपल' म्हणून वहीत जपणाऱ्यांसाठी: तो बहुतेक चिनार असतो. पान सारखं दिसतं, कूळ वेगळं.) 'डिसीज'चा जुन्या फ्रेंचमधला अर्थ 'चैन नसणे'. आपला 'आजार' फारसी, मुळात छळ किंवा पीडा. 'रोग' संस्कृत रुज् म्हणजे मोडणे यावरून. मला स्वतःला 'दुखणं' सगळ्यात प्रामाणिक वाटतं, पण ते पत्रकात चालत नाही.

आता नाव पडलं कसं? 1954 मध्ये बोस्टनमध्ये जॉन मेंकेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच घरातल्या चार भावंडांची हकीकत छापली. चौघंही जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत दगावली होती, आणि त्यांच्या लघवीला मेपल सिरपसारखा वास येत होता. बोस्टनच्या आसपास दर वसंतात हे सिरप कढतं, तिथल्या डॉक्टरांच्या नाकात तो वास लहानपणापासून बसलेला. म्हणून त्यांना तेच आठवलं. अशाच आणखी एका दुर्मीळ आजाराचं नाव इंग्लंडमध्ये 'ओस्टहाउस' पडलं. बिअरसाठी हॉप्स नावाची फुलं वाळवायच्या भट्टीला तिथे ओस्टहाउस म्हणतात. डॉक्टर काय, ज्या गावचा वास ओळखीचा त्याच गावचं नाव देणार.

आजाराचं मूळ असं: प्रथिनं पचली की त्यातून अमिनो आम्लं निघतात. त्यातल्या ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन या तिघांची पुढची विल्हेवाट लावणारी एक विकर-यंत्रणा (विकर म्हणजे एन्झाइम) या बाळांत जन्मतः बिघडलेली असते. दूध तर प्यायलाच हवं, आणि दुधातही प्रथिनं आहेतच. ती तिन्ही आणि त्यांची अर्धवट उरलेली आम्लं रक्तात साठतात. मेंदूला खरी इजा करतं ते मुख्यतः ल्यूसिन. वास येतो तो आयसोल्यूसिनच्या बाजूने तयार होणाऱ्या सोटोलोन नावाच्या द्रव्याचा. म्हणजे वास एकाचा आणि घात दुसऱ्याचा.

हे सोटोलोन आणखी कुठे सापडतं माहीत आहे? मेथीत! पत्रक करताना मी घरी पडताळून पाहिलं. परदेशाहून कुणीतरी आणलेली सिरपची छोटी बाटली होती, आणि स्टीलच्या वाटीत चमचाभर मेथी गरम पाण्यात घालून वर ताटली झाकली. पंधरा मिनिटांनी झाकण काढलं, वाफ नाकाशी आली आणि मग बाटली हुंगली. मुलगी म्हणाली, 'आई, ही बाटली लाडवांच्या डब्यासारखी का वासते?' परदेशात मेपलचा थेंबही नसलेली स्वस्त सिरपं मिळतात, त्यांचा वास पुष्कळदा मेथीच्या अर्कातूनच आणलेला असतो. 2005 पासून काही वर्षं न्यूयॉर्क शहरात मधूनच सिरपचा घमघमाट सुटायचा, लोक घाबरून शहराच्या हेल्पलाइनला फोन करायचे. 2009 मध्ये उलगडा झाला की नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात मेथीवर प्रक्रिया व्हायची, तिचा तो वास.

हे आपल्या घरांसाठी फार जवळचं आहे, कारण आपल्याकडे बाळंतिणीला मेथीचे लाडू चुकत नाहीत. आईने मेथी खाल्ल्यामुळे बाळाला असा वास आला आणि डॉक्टरांना याच आजाराचा संशय आला, अशी उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. म्हणून डॉक्टरांनी विचारलं तर मेथी खाल्ल्याचं लाजू नका, सांगून टाका. पण उलटं करू नका: बाळ नीट अंगावर पीत नसेल, मलूल पडलं असेल, चिडचिडं होऊन रडत असेल आणि वास येत असेल, तर 'मेथीचाच असेल' म्हणून घरी बसू नका. या आजाराच्या तीव्र प्रकारात पहिल्या दोन-चार दिवसांतच बिघाड सुरू होतो आणि आठवडा-दहा दिवसांत बाळ बेशुद्ध होऊ शकतं. वास कधी कधी लघवीच्या आधी कानातल्या मळाला येतो, हेही लक्षात असू द्या. खात्री मात्र नाकाने नाही, रक्ताच्या तपासणीनेच होते. टाचेतून घेतलेल्या काही थेंबांवर भागतं.

आईवडील दोघंही वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण बिघडलेला जनुक बाळगणारे, असतील तरच मुलाला आजार होतो, आणि प्रत्येक खेपेला शक्यता चारात एक. जगभरात तो लाख-दोन लाख बाळांत एखादा, पण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या वळणाच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या समाजात सुमारे 380 बाळांमागे एक, कारण पिढ्यान्‌पिढ्या लग्नं आपसातच. आपल्याकडेही मामेबहिणीशी लग्नाची चाल आहे, तेव्हा अशा घरात आधीचं बाळ कारण न कळता गेलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. उपचार म्हणजे ल्यूसिन नसलेलं खास दूध आणि जन्मभर तोलूनमापून प्रथिनं, काहींना यकृत-प्रत्यारोपण. प्रकृती फार बिघडली तर डायलिसिस.

लघवीच्या गोडीवरून रोगाला नाव देणं आपल्याला नवं नाही. मधुमेहातला 'मेह' मिह् या धातूवरून, म्हणजे ओतणे, भिजवणे. मेघसुद्धा त्यातलाच. आयुर्वेदात प्रमेहाचे 20 प्रकार सांगितलेत, त्यात उसाच्या रसासारखी लघवी होणारा इक्षुमेह आहे, आणि तशा लघवीकडे मुंग्या जातात हेही टिपलेलं आहे. फरक एवढाच की मधुमेहात लघवीत खरी साखर असते. इथे साखर नाही, फक्त वास गोड.

त्यामुळे 'काकवीमेह' लिहायचा मोह मला झाला होता. लिहिलं नाही. रिपोर्टवर इंग्रजी नाव येणार, आणि आईला ते तिथे ओळखता आलं पाहिजे. शेवटी शीर्षकात 'मेपल सिरप युरिन डिसीज' तसंच ठेवलं आणि खाली ओळ घातली: 'या आजारात बाळाच्या लघवीला किंवा कानातल्या मळाला काकवीसारखा, भिजवलेल्या मेथीसारखा गोडसर वास येतो.' पत्रक तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी 'काकवी' खोडून 'पाक' केलं, कारण शहरातल्या मुलींना काकवी माहीत नसते म्हणे. मेथी मात्र त्यांनी ठेवली.