माहलरची नववी कशी ऐकावी?

प्रश्न : मी हार्मोनियम शिकते. मृत्यूवरची सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) म्हणून ऑस्ट्रियन संगीतकार गुस्ताव्ह माहलरची नववी लावली, पण ऐंशी मिनिटांत धरायला काही सापडत नाही. यात अध्यात्म नेमकं कुठे आहे? (वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : पेटी घेऊनच बसा आणि पांढरी दोनला सा धरा. आधी चेलो (मोठं, खर्जातलं व्हायोलिन) आणि हॉर्न (पितळी फुंकवाद्य) अडखळत एकच स्वर देतात, मग हार्प (तारा छेडून वाजवायचं वाद्य), आणि मग दुसरी व्हायोलिनं दोनच स्वर म्हणतात : ग, रे. कान सा मागतो, तो लगेच मिळत नाही. जवळजवळ अर्ध्या तासाचा पहिला भाग या अडलेल्या ग-रे वर उभा आहे. सुरुवातीची ती अडखळती लय पुढे ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं सगळा जोर लावून वाजवतात. मृत्यू आत येतो तो तिथे. भाग संपताना ओबोचा (सनईसारखं वाद्य) रे रेंगाळतो आणि सा येतो तो फार वरून, पिकोलो या छोट्या बासरीच्या बारीक आवाजात. आठवडाभर एवढंच ऐका.

मधले दोन भाग, गावठी नाच आणि कडवट रोंडो (एकच धून फिरून फिरून येणारी रचना), तूर्त सोडलेत तरी चालेल. चौथा मात्र ऐकाच. तिथे सा काळी एकला उतरलेला असतो. पहिला षड्ज परत मिळत नाही. भैरवीसारखा समारोप शोधू नका. शेवटच्या पानावर फक्त तंतुवाद्यं, तीही म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावून. पहिल्या व्हायोलिनांत वारलेल्या मुलांवरच्या माहलरच्याच जुन्या गीतांपैकी एकाची ओळ येते. मुलं वारली नाहीत, उन्हातल्या टेकड्यांवर फिरायला गेलीत, अशी त्यात मनाची समजूत घातली आहे. ही गीतं 1904 पर्यंत झाली होती; त्याची थोरली मुलगी 1907 मध्ये वारली. माझ्या मते या सिम्फनीचं अध्यात्म या ओळीत आहे. माहलरने मरणशय्येवर ही सिम्फनी लिहिली, हे मात्र खरं नाही. 1909 च्या उन्हाळ्यात ती लिहून तो न्यूयॉर्कला वाद्यवृंद चालवायला गेला, पुढे दहावीही हाती घेतली. 18 मे 1911 ला तो वारला. नववी पहिल्यांदा वाजली ती 1912 मध्ये, व्हिएन्नात.

प्रश्न : शेवटची पाच मिनिटं ऐकूच येत नाहीत. रेकॉर्डिंग खराब आहे का? (वाचक, मिरज)

उत्तर : नाही, आवाज चुकीच्या जागी लावला जातो. सुरुवात हळू म्हणून वाढवतो, ट्रॉम्बोन आले की कमी करतो आणि तसाच ठेवतो. ट्रॉम्बोनची जागा आधी लावून सोसेल तेवढा आवाज ठरवा, मग हात लावू नका. मोबाइलच्या स्पीकरवर डबल बासचे (सर्वांत मोठं तंतुवाद्य) खर्जातले स्वर हरवतातच. कान झाकणारे हेडफोन घ्या, पंखा बंद करा. ॲपमध्ये पुढचं गाणं आपोआप सुरू होण्याची सोयही आधीच बंद करून ठेवा.