‘जाड होतास म्हणून एवढं झालं’

प्रश्न : माझे यजमान यंत्रमागावर जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारे) आहेत. वय पन्नास, उंची साडेपाच फूट. मार्च २०२० मध्ये माग बंद पडले तेव्हा वजन ८८ किलो होतं, वर्षभरात ९९ झालं. एप्रिल २०२१ मध्ये कोरोना झाला, अकरा दिवस ऑक्सिजन लागला. आता वजन १०४ आहे. पाहुणे-रावळे कुणी ना कुणी म्हणतंच, ‘जाड होतास म्हणून एवढं झालं.’ तेव्हापासून हे दवाखान्याची पायरी चढत नाहीत. खरंच वजनामुळे झालं का? पुन्हा अशी साथ आली तर आम्ही काय करायचं?
– सौ. अ. क., इचलकरंजी

उत्तर : ताई, कोरोना विषाणूमुळे झाला. त्या एप्रिलमध्ये काडीसारखी माणसंही आमच्याकडे येत होती. पण झाल्यावर आजार किती जोर धरतो, त्यात वजनाचा वाटा असतो, हे लपवून उपयोग नाही.

पोटभर जेवून लगेच उताणं पडलं की यजमानांना जड जड होतं ना? पोटातली चरबी छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला वर रेटते, फुप्फुसाचा खालचा भाग पुरता फुगत नाही. एरवी हे खपून जातं. न्यूमोनियात फुप्फुस आधीच भरलेलं असतं, तेव्हा तेवढी जागाही महागात पडते. त्यात चरबीमुळे शरीरात मंद दाह कायम असतो, रक्त गोठण्याकडे कल असतो, बऱ्याचदा साखरही असते. आणि कोरोनात दिलेल्या स्टेरॉइडने ती साखर आणखी चढायची. स्थूल माणसाला असा आजार जड जातो, हे २००९ च्या स्वाइन फ्लूतच दिसलं होतं. त्या साथीतला देशातला पहिला बळी आपल्या पुण्यात गेला. तेव्हाही आयसीयूत स्थूल रुग्ण जास्त होते. आपण विसरलो.

दुसऱ्या लाटेतला एक रुग्ण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. वजन ११८ किलो, उताणा असताना ऑक्सिजन ८६. त्याला पालथं करायला चौघं लागलो. छातीखाली एक उशी, कमरेखाली दोन, म्हणजे पोट मधे मोकळं राहतं. वीसेक मिनिटांनी सिस्टरनं आकडा मोठ्यानं वाचला, ९३. रक्तदाब मोजायला गेलो तर नेहमीचा पट्टा दंडाला पुरेना. तोच ओढूनताणून बांधला तर दाब खोटा जास्त दाखवतो. मोठा पट्टा ऑपरेशन थिएटरमधून मागवला. पालथ्यानेच तो म्हणाला, ‘डॉक्टर, आधी वजनावरनंच बोलणी बसतील म्हणून चार दिवस घरीच थांबलो.’ त्याच्या वजनापेक्षा मला त्या चार दिवसांची भीती जास्त वाटली. तुमच्या यजमानांचं तर चार वर्षांहून जास्त झालं.

दोष एकट्या माणसाच्या माथी मारू नये. जॉबर पाळीभर या मागावरून त्या मागावर चालत असतो. तेच चालणं २५ मार्च २०२० ला थांबलं, भूक मात्र तीच राहिली. आणि १ मार्च २०२१ ला ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांना लस सुरू झाली, तेव्हा २० आजारांची सरकारी यादी होती. त्यात स्थूलपणा नव्हता. मला त्याचा तेव्हाही राग आला होता, आजही आहे.

आता करायचं काय? वजनाचा विषय काढू नका, ‘साखर आणि बीपी बघून येऊ’ एवढंच म्हणा. तिथे मोठा पट्टा मागायला लाजू नका. रात्री घोरता घोरता त्यांचा श्वास मधेच अडकतो का, मग दचकून पुन्हा सुरू होतो का, हे तुम्हालाच ठाऊक असणार. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण झोपेतल्या या आजारावर उपचार आहेत. ७० किलोचं स्वप्न आत्ता नको. पाचेक किलो उतरले तरी साखर आणि रक्तदाबात फरक दिसतो. गुडघे कुरकुरत असतील तर एकदम तासभर नको, दहा दहा मिनिटं तीनदा चाला.

फ्लूची लस दरवर्षी घ्या. साथ आलीच तर साखर-बीपीच्या चालू असतील त्या गोळ्या महिनाभराच्या घरात असू द्या, आणि कामं बंद पडली तरी गच्चीवर, बोळात, जमेल तिथे चालणं सोडू नका. ताप-खोकला असताना बसल्या जागी ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, किंवा घरातल्या घरात सहा मिनिटं चालून तीन-चारने घसरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाहुणे काय म्हणतील याची वाट बघू नका. त्या वेळचा ऑक्सिमीटर कुठल्यातरी खणात पडला असेल, तो आजच काढून बघा. आतले सेल एव्हाना गळले असतील.