फ्लॅश छताकडे वळवला तरी डोळ्यांत अंधार का?

प्रश्न: नुकताच कॅमेऱ्यावर लावायचा वेगळा फ्लॅश घेतलाय. समोरून मारला की चेहरा पांढराफटक आणि मागच्या भिंतीवर काळी सावली, म्हणून सगळे सांगतात तसं त्याचं डोकं सरळ वर छताकडे केलं. मागची सावली गेली पण आता डोळ्यांच्या खोबणीत अंधार, नाकाखाली काळं, आणि मधूनच एखादा फोटो एकदम डार्क येतो. काय चुकतंय?

उत्तर: फ्लॅश वळवा असं सगळे सांगतात, कुठे वळवायचा ते कोणी सांगत नाही, सगळा घोळ तिथेच आहे. बाउन्स केला, म्हणजे उजेड छतावर किंवा भिंतीवर आदळवून परत आणला, की फ्लॅश हा तुमचा लाइट राहतच नाही, तो जिथे आदळतो तो भिंतीचा किंवा छताचा तुकडा म्हणजे तुमचा लाइट. तो तुकडा मोठा म्हणून सावल्या मऊ होतात. पण तो डोक्याच्या वर असला तर भर दुपारच्या उन्हासारखाच, भुवयांची सावली थेट डोळ्यांत पडणार.

म्हणून आधी भिंत शोधा, फ्लॅश नंतर. पांढरी भिंत तुमच्या एका बाजूला येईल असे उभे राहा, फ्लॅशचं डोकं त्या बाजूला, थोडं मागे आणि थोडं वर फिरवा, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या खांद्यावरून मागे. उलटं वाटतं खरं, पण उजेड भिंतीवरून परत येतो तेव्हा तो बाजूने आणि जरासा समोरून येतो, डोळ्यांत छान चमक येते, गालाला आकार येतो. दुसरी बाजू फार काळी वाटली तर समोरच्याला नाक थोडं भिंतीकडे करायला सांगा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. आणि समोरच्याच्या जागेवरून फ्लॅशची काच दिसत असेल तर थेट उजेडही चेहऱ्यावर पडतोय, त्या बाजूला काळ्या फोमचा तुकडा रबर बँडने लावून टाका.

भिंत रंगीत असेल तर चेहराही त्या रंगाचा होतो. फिकट क्रीम चालून जाते, हिरवी-निळी असेल तर सरळ दुसरी शोधा, कारण व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातली रंगछटा सुधारायची सेटिंग) चेहरा सुधारला की मागचं बिघडतं.

आता डार्क फोटो. बाउन्समध्ये उजेड लांबून येतो, भिंतही थोडा खाते, सहज 2-3 स्टॉप जातात (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा). आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) 100 वर अडून बसलात तर फ्लॅश दरवेळी फुल पॉवरवर उडतो, चार्ज व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तुम्ही पुढचा क्लिक केलात की तो फोटो डार्क. आयएसओ 800 केलं तर त्याच उजेडाला फ्लॅशची पॉवर एक अष्टमांश पुरते. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/4, शटर 1/125 सेकंद, आयएसओ 800 पासून सुरुवात करा, फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे पॉवर कॅमेरा स्वतः उजेड मोजून ठरवेल. पांढरे कपडे असले की टीटीएल फसतं, चेहरा काळवंडतो, तेव्हा फ्लॅश कॉम्पेन्सेशन (टीटीएलने ठरवलेला फ्लॅश कमी-जास्त करायची सेटिंग) +1 करून बघा. शटर 1/60 केलं तर खोलीतला उजेड जास्त येतो, फ्लॅशचा तेवढाच राहतो, त्यामुळे मागचं किती दिसायला हवं ते शटरने ठरवा.

प्रश्न: फ्लॅशवर लावायचा पांढरा प्लास्टिकचा डबा घेऊ का?

उत्तर: मला स्वतःला तो फारसा आवडत नाही. पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत तो उजेड चहूकडे फेकतो, ते ठीक, पण बाहेर मोकळ्यावर परत यायला काहीच नसतं, तिथे तो फक्त बॅटरी खातो.

प्रश्न: छत उंच आणि काळं, भिंतही जवळ नाही, मग?

उत्तर: मग भिंत सोबत न्या! कुणाला तरी थर्माकोलचा मोठा पांढरा शीट चेहऱ्याच्या बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर धरायला सांगा आणि फ्लॅश त्यावर मारा. शीट जितका जवळ तितका उजेड मऊ, फक्त फ्लॅशचा झूम (त्याने उजेडाचा झोत अरुंद होतो) मॅन्युअली वाढवून ठेवा म्हणजे उजेड शीटच्या बाहेर सांडणार नाही.